सात नंबरच्या मागाचा कान

...टीममध्ये घेते म्हणाली होती हो पोरगी, स्वतःच्या तोंडानं म्हणाली होती! मी मागायला गेलो नव्हतो. मी आपला तेलाचा डबा घेऊन सात नंबरच्या मागाखाली आडवा, पाय तेवढे बाहेर, आणि त्या पायांकडं बघून ही म्हणते, "काका, तुम्ही आमच्या टीममध्ये. रिपोर्टवर नाव घालणार तुमचं." आता मला सांगा, चौपन्न वर्षांच्या पायांना असं कधी कुणी बोललंय का? दचकून उठलो, डोकं दाणकन मागाला आपटलं. अजून टेंगूळ आहे, हात लावून बघा... बरं, नका लावू, पण आहे.

तुम्हाला सांगतो, मी जॉबर. जॉबर म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारा. आधी दहा वर्षं मिलमध्ये, मग सोलापूरजवळ चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं झाली. एका शेडमध्ये अठ्ठेचाळीस माग, सगळे एकदम खटॅक-खट, खटॅक-खट... शेजारी बॉम्ब फुटला तर माणूस म्हणेल, कोण शिंकलं बे? तिथं बोलायचं म्हणजे समोरच्याच्या कानाला तोंड लावून बोंबलायचं, दुसरा रस्ता नाही. आणि ती सवय घरी येते की! मी आमच्या बायकोला, मुक्ताला, "चहा टाक" म्हटलं, की शेजारची चार घरं आधण ठेवतात.

तर गेल्या वर्षी आमच्या कंपनीनं एका कॉलेजबरोबर करार केला. इंजिनिअरिंगची पोरं तीन-तीनची टीम करून कारखान्यात येणार, आमची खरीखुरी अडचण उचलणार, त्यावर काहीतरी नवं शोधून काढणार. इनोव्हेशन! मार्क तर मिळणारच, वर कारखाना कसा चालतो ते कळणार, चार माणसांत मिळून काम करायची सवय लागणार, उद्या नोकरी मागताना चार वाक्यं बोलता येणार. आमच्या टायमाला असलं कुठं होतं! आमच्या टायमाला कारखाना म्हणजे वडिलांचा डबा गेटावर पोचवायची जागा, आणि एक दिवस डब्याबरोबर आपणच आत.

हसू नका, मीसुद्धा पॉलिटेक्निकचा फॉर्म भरला होता. दहावीला गणितात दीडशेपैकी एकशे एकोणसाठ... काय झालं? मास्तर खूश होऊन वर नऊ दिले होते त्यांनी! यादी लागणार होती सोमवारी. आणि त्याच सोमवारी वडिलांनी मला मिलच्या गेटावर उभं केलं, सकाळच्या पाळीला. म्हटलं, यादी मंगळवारी बघू. मंगळवारी म्हटलं, बुधवारी बघू... तुम्हाला सांगतो, अजून बघितली नाही. नाव होतं की नव्हतं, कुणाला माहीत! नव्हतं असं कळलं असतं तरी परवडलं असतं. एकदाचं कळलं तरी असतं.

म्हणून तर ही "रिपोर्टवर नाव घालणार" म्हणाली, तेव्हा डोकं आपटलं ना माझं!

तिचं नाव सुकन्या. टीमची म्होरकी. वही, पेन, केसांत पेन्सिल खोचलेली, आणि एक प्रश्न विचारला की त्याच्या पोटातून दुसरा काढणार. दुसरा ऋतुराज. तोंड असं की माग बंद पडेल पण हा पडणार नाही. पहिल्याच दिवशी मला विचारतो, "काका, तुमचा पेन पॉइंट काय?" म्हटलं, "गुडघा." तर तो लॅपटॉपवर लिहून घ्यायला लागला! आणि तिसरा सोमलिंग, कर्नाटकच्या वेशीवरच्या दुधनीचा. हा कन्नडमध्ये विचार करतो, मराठीत हसतो आणि बोलत कुठल्याच भाषेत नाही.

सुकन्या विचारते, "काका, माग बिघडणार हे तुम्हाला आधी कळतं म्हणतात, ते कसं?"

आणि तुम्हाला सांगतो, मी हातातला पाना खाली ठेवला. अठ्ठावीस वर्षांत "कुंडलिक, उशीर का झाला?" हे विचारलं लोकांनी, "कुंडलिक, सुट्टी कशाला पाहिजे?" हे विचारलं. "तुला कसं कळतं?" हे कुणी नव्हतं विचारलं.

म्हटलं, "पोरी, लई सोपं हाय. कान. बेअरिंग जायच्या आधी पाव तास खटॅक-खटचं खटॅक-खुट होतंय." आणि मग सांगितलं तिला सगळं, की एकदा कुर्डुवाडीच्या फलाटावर चहा पीत होतो, गाडी शिरली, मी नुसता आवाज ऐकून म्हटलं, पाचव्या डब्याचं डावीकडचं चाक बघा. बघितलं. निघालं. गार्डानं मला इंजिनात बसवून सोलापूरला आणून सोडलं! ऋतुराज म्हणतो, "खरंच काका?" म्हटलं, "चहा तर शंभर टक्के खरा."

पण सुकन्या हसली नाही. लिहीत होती. म्हणाली, "तुम्हाला जे ऐकू येतं, तेच मशीनला शिकवायचं. हेच आपलं प्रोजेक्ट."

आपलं! आमच्या टायमाला असलं कुठं होतं हो? आमच्या टायमाला "आपलं" फक्त नुकसान असायचं, फायदा मालकाचा.

मग दर शुक्रवारी पोरं यायची. सात नंबरच्या मागाला एक डबा लावला, त्यात माइक, वर लाल दिवा. माग चालणार, माइक ऐकणार, मला बिघाडाची चाहूल लागली की मी सांगणार, सुकन्या बटण दाबणार. असं करत करत डबा स्वतःच शिकणार, आणि मग बिघाडाआधी आपणहून लाल दिवा लावणार. शेजारीच उभी राहायची ती, तिच्या कानाशी डबा, आणि मी आपला चाहूल लागली की वाकून बोंबलायचो, "आलं गं बया, आलं!" ती बटण दाबायची. पुन्हा "आलं गं बया!" पुन्हा बटण.

तीन महिने! शुक्रवार आला की मी दाढी करायचो. मुक्ता म्हणायची, "आवं, कारखान्यात चाललाय का सोयरिकीला?" पण भाकऱ्या चौघांच्या बांधायची, शेंगाचटणी वेगळी. पोरांना मी शिकवलं, की कामगाराकडं गेल्या गेल्या बिघाडाचं विचारायचं नाही, आधी पोराबाळांचं विचारायचं, मग तो बिघाड आपोआप सांगतो. ऋतुराजला शिकवलं, की तोंड मिटल्यावर कान उघडतात. त्यांनी मला शिकवलं, स्लाइड कशी करायची. मी एक केली. तिच्यावर मागाचं चित्र आणि खाली चार नावं, त्यात चौथं माझं. फोनमध्ये आहे. कुणाला दाखवत नाही... हे बघा.

आणि आला दाखवायचा दिवस. मुंबईच्या ऑफिसातले पाहुणे, आमचे मॅनेजर उदयसिंह साहेब टाय लावून. मी सकाळीच तेल-बिल लावून भांग पाडून तयार. साहेब म्हणतात, "कुंडलिक, तुम्ही जरा कँटीनकडं थांबा. पाहुणे आहेत, तुम्ही मध्येच बोलता."

थांबलो. कँटीनच्या भिंतीला कान लावून थांबलो. आणि तुम्हाला सांगतो, भिंतीतून ऐकू आलं मला... खटॅक-खुट! सात नंबर! आता लागेल दिवा, म्हटलं. आता लागेल. आता... कसला लागतोय! डबा मुका. आणि मग ताडकन आवाज आला, अख्खा माग उभा राहिला, दोनेकशे तारा, म्हणजे सुताचे धागे, तुटल्या. पाहुण्यांनी म्हणे घड्याळं बघितली. साहेब पोरांना म्हणाले, "पुढच्या शुक्रवारी शेवटची संधी. नाही जमलं तर प्रोजेक्ट बंद, कंपनीचं पत्र मिळणार नाही."

पत्र नाही म्हणजे मार्क नाहीत. मार्क नाहीत म्हणजे रिपोर्ट नाही. आणि रिपोर्ट नाही म्हणजे... कळलं ना?

कँटीनमध्ये तिघं बसली, तोंडं भाकरी करपल्यासारखी. सोमलिंग कानाला हेडफोन लावून तीन महिन्यांची सगळी रेकॉर्डिंगं ऐकतोय. ऐकता ऐकता थांबला. मागं घेतलं. परत ऐकलं. आणि पहिल्यांदा बोलला की हो! "अय्यय्यो!" म्हणाला आणि हेडफोन माझ्या कानाला लावला. खटॅक-खट, खटॅक-खट, "आलं गं बया, आलं!" आणि लॅपटॉपवर बटणाची खूण, लाल. खटॅक-खट, "आलं गं बया!" लाल.

आता आलं ना ध्यानात? मी बोंबलत होतो पोरीच्या कानात, पण मधे होता माइक! डबा मागाचं ऐकतच नव्हता हो! त्यानं बापड्यानं तीन महिने मलाच ऐकलं. कुंडलिक बोंबलला, की लावा दिवा. एवढंच शिकला. बायको तीस वर्षांत ऐकायला शिकली नाही, डबा तीन महिन्यांत शिकला!

मी लगेच म्हटलं, "त्यात काय अवघड हाय? शुक्रवारी मी सूत गुंडाळलेल्या मोठ्या बीममागं लपतो, चाहूल लागली की हळूच बोंबलतो. दिवा लागतोय, पत्र मिळतंय."

ऋतुराज म्हणतो, "काका, तुम्ही लई भारी आहात!"

सुकन्या म्हणाली, "नाही."

"आगं, खोटं कुठं हाय त्यात? बिघाड खराच असणार की!"

"काका, खरं काय ते मीच सांगणार साहेबांना."

तिला सांगितलं, पोरी, आजवर खरं बोलून माझं एकच काम झालंय, ते म्हणजे पगार कापला गेलाय. ऐकेल तर शपथ! आणि खरं सांगू? मला तिचा राग आला. ती नापास होणार याचा नाही, माझं नाव जाणार याचा. वय बघा माझं, आणि विचार बघा.

शुक्रवारी सात नंबरच्या मागाशेजारी सुकन्या साहेबांपुढं उभी राहून सगळं सांगून मोकळी झाली. साहेब म्हणाले, "म्हणजे तीन महिने खपून तुम्ही असं यंत्र बनवलं, की कुंडलिक ओरडला की दिवा लागतो?"

"हो सर."

"कुंडलिकचा आवाज मला केबिनमध्ये तसाही येतो."

ऋतुराजनं तोंड उघडलं आणि, तुम्हाला सांगतो, मिटलं. शिकला होता. सुकन्या म्हणाली, "सर, चूक आमची. पण काकांची नाही. ते एकतीस वेळा ओरडले आणि एकतीस वेळा माग खरंच बिघडणार होता. त्यांचा आवाज काढून टाकून मशीनला पुन्हा शिकवावं लागेल. शिकवण्यासारखं आहे, हे मात्र आता नक्की माहीत झालंय."

साहेब डब्याजवळ वाकून बघायला लागले. मी ठरवलं होतं, आज जीभ दाताखाली. आणि तेवढ्यात... खटॅक-खुट. आता काय करू? तुम्हीच सांगा, काय करू? "आलं गं बया, आलं!" निघून गेलं तोंडातून! डब्यावर लाल दिवा लकाकला. माग थांबवला. साहेबांनी बेअरिंगला बोट लावलं आणि असं झटकलं! त्या बेअरिंगवर पापड भाजला असता. चार भाजले असते.

साहेब बोट फुंकत म्हणाले, "आपली चूक आपणहून सांगणारी टीम पहिल्यांदाच बघतोय. पत्र देतो."

पण डब्याला पुन्हा शिकवायच्या आत वर्ष संपलं हो. परीक्षा झाल्या. मुलाखतीत तिघांना विचारलं, टीममध्ये काम करताना काय चुकलं? तिघांनी हीच गोष्ट सांगितली. पुण्याला लागली तिघंही! आमच्या टायमाला असलं कुठं होतं, की चूक सांगा आणि नोकरी घ्या? आमची चूक निघाली की आहे ती जायची.

जायच्या आधी सुकन्या घरी रिपोर्ट देऊन गेली. काळं कव्हर, सोनेरी अक्षरं. याचीच एक प्रत कॉलेजच्या ग्रंथालयात ठेवतात म्हणे, कायमची. मी हात धुतले, चष्मा लावला, पहिलं पान उघडलं. टीम: तीन नावं. मार्गदर्शक: कॉलेजचे सर. कंपनी मार्गदर्शक: उदयसिंह साहेब, जे एकंदर वीस मिनिटं आले होते, त्यातली दहा बोट फुंकण्यात. पान उलटलं. नाही. आणखी उलटलं. नाही. म्हटलं, मिटावं. अडतीस वर्षं एक यादी बघितली नाही, ही तरी कशाला बघायची?

फोन लावला पोरीला. मी काही बोलायच्या आधी तीच रडायला लागली. "काका, कॉलेजच्या फॉर्मात टीमला तीनच रकाने आहेत. मी दोनदा चौथं नाव घातलं, सरांनी दोनदा खोडलं. म्हणून एक्केचाळीसाव्या पानावर घातलं. ते पान सर वाचत नाहीत."

उघडलं एक्केचाळीस. 'वापरलेल्या साहित्याची यादी.' माइक, एक नग. लाल दिवा, एक नग. वायर, बारा मीटर. आणि चौथ्या ओळीत, छापील अक्षरात: श्री. कुंडलिक काका, एक नग. खाली बारीक टीप, 'याशिवाय यंत्रणा चालत नाही.'

मुक्ता म्हणाली, "आलं की नाव! मग डोळं का पुसायलाय?" म्हटलं, चष्म्याचा नंबर वाढलाय.

तिघं गेली. डबा आहे, मागावरच. शुक्रवार तर दर आठवड्याला येतोच, त्याला कोण अडवणार? मी आपला दाढी करतो. मध्ये एकदा शेडमध्ये कुणी नाही बघून हळूच म्हटलं, "आलं गं बया." लागला हो दिवा. कुणीच आलं नव्हतं, तरी लागला.

परवा कॉलेजच्या त्या सरांचा फोन. "जुलैत नवीन टीम येणार आहे, तेच प्रोजेक्ट पुढं न्यायचंय. तेवढं यादीतलं सगळं साहित्य जपून ठेवा, काही गहाळ व्हायला नको."

ठेवतोय की हो जपून! रोज पहाटे मुक्ता साहित्याला आंघोळीचं पाणी काढून देते, भाकरी बांधते, आणि साहित्य पावणेसातच्या कंपनीच्या गाडीत खिडकीशी जाऊन बसतं.