गोधडीचे जादा बारा इंच

...नाही, पण मला सांगा, स्वतःच्या गोधडीची रुंदी माहीत नाही असा माणूस असतो का हो कुठे? लांबी म्हणे रुंदीच्या दुपटीहून वीस इंच कमी! अरे बाबा, एवढा हिशेब करण्यापेक्षा मोजपट्टी घे ना हातात! पण नाही. हा मोजणार नाही, आणि माझ्या व्हर्नाने बेचाळिसाव्या वर्षी ‘समजा, रुंदी क्ष’ मांडत बसायचं!

तुम्हाला सांगते, आमच्या केंटकीच्या डोंगरातला मोज्यांचा कारखाना बंद पडला. बावीस वर्षं पोरीने तिथे मोजे शिवले. आता वृद्धाश्रमात नोकरीची जागा आहे, तर म्हणतात, ‘आधी शाळा पास झाल्याचा दाखला आणा.’ म्हाताऱ्यांना कुशीवर वळवायला क्ष लागतो? लागतो म्हणे! मग चर्चच्या तळघरात टॉलिव्हर मास्तरांचा वर्ग. दोनदा नापास! दोन्ही वेळा आडवं आलं हेच... कुणाचं शेत, कुणाचा हौद, कुंपण एवढं, तर लांबी काढा. मोजपट्टी घे ना बाबा! पोरगी वहीवर डोकं टेकून रडायला लागली. ‘आई, शब्दांचं समीकरण होतच नाही गं माझ्याच्याने!’

मी जन्मात शाळेत गेले तीन दिवस, पण गोधड्या शिवल्यात दोनशेवर. म्हटलं, ‘डोळे पूस. शेत-हौद विसर, सगळ्याला गोधडीच समज. कुंपण म्हणजे कडेची पट्टी. रुंदी क्ष, लांबी म्हणजे दोन क्षातून वीस गेले. दोन रुंद्या, दोन लांब्या, जोड सगळं, झाली पट्टी!’ आणि काय सांगू, जमलं की हो! धडाधड मांडायला लागली. मास्तर म्हणाले, ‘व्हर्ना, या वेळी तू पास!’

आली परीक्षा. आणि प्रश्न यावा कशाचा? गोधडीचा! लांबी तीच, दुपटीहून वीस इंच कमी; कडेची पट्टी तीनशे वीस इंच, रुंदी काढा. व्हर्नाला वाटलं, देवच पावला. आता पट्टी कोपऱ्यात दुमडावी लागते, टोकाला टोक जोडावं लागतं, त्याचे बारा इंच जादा धरायचेच, हे मी तिला सातव्या वर्षी चापट मारून शिकवलेलं. तिने इमानाने चार बाजूंच्या बेरजेत बारा मिळवले, मग मांडले तीनशे वीस. रुंदी आली अठ्ठावन्न. पूर्ण आकडा, तुटका ना फुटका! शंका येणार कुठून?

उत्तर होतं साठ. एका गुणाने गेली.

गेले तशी मास्तरांकडे. ‘अहो, बारा इंच धरले नाहीत तर चौथा कोपरा उघडा पडेल!’

ते चष्मा पुसत म्हणाले, ‘ओर्फाबाई, कागदावरच्या गोधडीची पट्टी दुमडत नाहीत.’

‘मग ती पांघरतं कोण?’

‘कुणीच नाही.’

कुणीच नाही! जी कुणी पांघरत नाही, तिच्यापायी माझी पोरगी घरी बसली... अरे, मोजपट्टी घ्यायची ना बाबा!

वृद्धाश्रमवाले मे महिन्यापर्यंत थांबतो म्हणालेत. व्हर्ना पुन्हा वह्या काढून बसली. मला बजावलंय, ‘आई, या वेळी तू चकार शब्द काढायचा नाहीस.’ नाही काढत. ती मांडते, मी समोर शेंगा सोलते, ओठ घट्ट मिटून. सत्तरी उलटल्यावर शाळा सुरू झाली म्हणायची माझी. विषय एकच, गप्प बसणे... आणि त्यातही माझी लक्षणं काही पास व्हायची दिसत नाहीत!