देवापुढे ठेवलेला रिपोर्ट

मावश्यांनो, काकांनो, अंधेरीचा बाजार सोडून तुम्ही आलात. आधी माझी चूक सुधारते. दहाव्याला मी म्हणाले, यशोदावहिनीला लिव्हरचा कॅन्सर होता. ते खोटं होतं. कोणीतरी कुजबुजलं, 'पीत असेल,' म्हणून मी रागाने बोलून गेले. माझी वहिनी पीत नव्हती. आणि तिला कॅन्सरही नव्हता.

लिव्हरमध्ये साधी गाठ होती. लॅबमधल्या डॉक्टरीणबाईंनी परवा मला गाठीच्या तुकड्याची काच सूक्ष्मदर्शकातून दाखवली. पेशी लिव्हरच्याच, चरबी आणि साखर साठवून फुगलेल्या. पण पित्ताच्या नळ्या नाहीत, आणि रक्तवाहिन्या अगदी पातळ. रक्ताच्या तपासण्याही ठीक. मग सगळं ठीक? नाही! अशी गाठ फुटते. पाळणा लांबवायच्या गोळ्यांवर ती पोसते.

लॅबमधून गाठीचा रिपोर्ट आला तेव्हा वहिनी म्हणाली, "ए मास्तरीण, तू शिकलेली ना? वाच काय लिवलंय." घरात शाळेत गेलेली मी एकटी. 'साधी गाठ, कॅन्सर नाही' एवढं वाचलं आणि ओरडले. आईने कागद देवापुढे ठेवला, हळदकुंकू वाहिलं. चांगला कागद आला की आपण तेच करतो ना? शेवटची ओळ मी वाचलीच नाही. 'गोळ्या घेत असल्यास ताबडतोब बंद कराव्यात.'

वहिनी नेहमीच्या गोळ्या आणायला दवाखान्यात गेली ती रिकाम्या हाताने, कागद देवापुढेच राहिला. घरी येऊन हसत सांगत होती, "डॉक्टर बोलले, साधी गाठ आहे ना? मग घे की गोळी." कागद कुठे आहे, एवढं तरी विचारावं! मी पूर्ण वाचला नाही, तो माझा दोष. मी तो लपवणार नाही. पण सहा वर्षं गोळ्या देणाऱ्याने तो मागितला नाही, हा दोष कोणाचा?

भर दुपारी मासे कापता कापता ती विळीवरून बाजूला कलंडली. गाठ फुटून पोटात रक्त झालं होतं. बत्तीस वर्षांची होती हो!

काल मी त्या दवाखान्यात गेले. बाकावर आपल्याच वाड्यातल्या तिघी, त्याच गोळ्यांसाठी. डॉक्टरांपुढे कागद धरला. म्हणाले, "बाळ, बायकांना उगाच घाबरवू नकोस." उगाच? अशी गाठ क्वचित एखादीलाच होते, मान्य. ती एखादी आमच्या घरातली होती. पोट तपासल्याशिवाय, जुने कागद बघितल्याशिवाय गोळी देणार नाही, हे मी त्यांच्याकडून सगळ्यांसमोर वदवून घेणार आहे.

आता वहिनीसाठी दोन मिनिटं गप्प राहू या. दोनच. येत्या मंगळवारी सकाळी नऊला दवाखाना उघडतो. मी पायरीवर असेन.