ऊनू म्हणजे आलो

बसा हो भाऊ, बसा, गाडी निघणारच आहे, चावी लावलेली आहे, इंजिन तापलंय, आता असं तोंड वाकडं करून घड्याळ बघू नका, बाजार कुठे पळून जात नाही. तुम्ही नवीन दिसता म्हणून सांगतो. नेहमीची माणसं बघा कशी गप्प बसलीत, मागचे आबा तर घोरायला लागले... काय म्हणालात? तोताराम, तुझी ही काळी-पिवळी आयुष्यात कधी वेळेवर सुटली का? सुटली की! एकदा सुटली. त्या एकदाने जे झालं ना, ते ऐकलंत तर पुन्हा मला घड्याळ दाखवणार नाही तुम्ही.

तुम्हाला सांगतो, सगळा घोळ एका शब्दाचा आहे. तुमच्याकडे माणूस आला की म्हणतो 'आलो'. आमच्याकडे, साक्रीच्या या डोंगराकडच्या गावांत, म्हणतो 'ऊनू'. ऊनू म्हणजे आलो. पण म्हणतो कधी? अंगाला साबण असतो तेव्हा म्हणतो! भाकर तव्यावर असते, म्हैस दावं तोडून नदीकडे गेलेली असते, एक चप्पल सापडत नसते, आणि घरातून मला आवाज येतो, "नाना, ऊनू!" आता तुमच्याकडेही म्हणत असतील आलो-आलो, पण ते नुसतं म्हणायचं म्हणून. इथे ऊनू म्हणजे शब्द टाकला. ऊनू ऐकूनही गाडी हलवली तर त्या घरात मला लग्नाचं बोलावणं सोडा, कोणी पाणीसुद्धा विचारणार नाही. आमच्या जरीनाबी आहेत, बांगड्या विकतात, त्या आमची अहिराणी बोलत नाहीत, पण त्या पण टोपली डोक्यावर घेता घेता घरातूनच, "रुको भाई, आ गयी मैं!" म्हणजे भाषा बदलली तरी माणूस घरातच. आता तुम्हीच सांगा, ऊनू म्हटल्यावर गाडी हलवायची कशी?

तर माझी गाडी अशीच चालायची, थांबत थांबत, आणि कोणाचं काही बिघडत नव्हतं. पोरं पण याच गाडीत. इथल्या तीन-चार वस्त्यांची पोरं हायस्कूलला मोठ्या गावात जातात, चालत गेलं तर पाय तुटतील एवढा रस्ता. पोहोचायची प्रार्थना संपता संपता. जुने हेडसर म्हणायचे, आले ना, बसा. झालं. मग ते रिटायर झाले आणि त्यांच्या जागी आले चौगुले सर.

चौगुले सर कोल्हापूरकडचे. माणूस वाईट नाही हो, उलट फार कळकळीचा, पण आल्या आल्या त्यांनी काय केलं? गेट बसवलं! आमच्या शाळेला आजवर कंपाउंड होतं पण गेट नव्हतं, बकऱ्या आत येऊन भूगोलाचे तक्ते खायच्या. सरांनी लोखंडी गेट बसवलं, त्याला कुलूप आणलं आणि नियम काढला. प्रार्थनेची घंटा झाली की गेट बंद. बाहेर राहील त्याची अर्ध्या दिवसाची गैरहजेरी. आणि हजेरी पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली गेली की दहावीच्या परीक्षेला बसायचं नाही! आणि कुलपाची किल्ली कोणाकडे? शिपाई अभिमनकडे पण नाही. स्वतःच्या खिशात.

मी गेलो ना समजवायला. म्हटलं, सर, गाडी दुरून येते, माणसं ऊनू म्हणतात, जरा पाच मिनिटं इकडे तिकडे... तर ते हात मागे बांधून, "गेट म्हंजे गेट, तोतारामराव. एकाला सोडलं की धा जण येत्यात." म्हटलं, पोरांचं नुकसान होतंय. तेव्हा मात्र ते जरा हळू आवाजात बोलले. म्हणाले, माझ्या आधीच्या शाळेत उशिरा येणाऱ्या पोरींना मी सोडत गेलो. आधी उशिरा यायच्या, मग आठवड्यातून दोनदा यायच्या, मग एक दिवस यायच्याच बंद झाल्या, आणि मला पत्रिका आली लग्नाची. म्हणून गेट. माणूस ज्या भीतीने गेट लावत होता, तीच भीती मला गेटाची वाटत होती!

कारण आमची पुनम. लताबाईची पोरगी, दहावीला. हुशार म्हणजे किती, गाडीच्या गचक्यात उभी राहून इतिहास पाठ करते आणि मला ब्रेक मारायला सांगते, "नाना, सावकाश, सनावळी सांडस." लताबाई पहाटेच कांदा लावायला जाते, मग घरातलं पाणी, भाकरी, शेळ्यांचा चारा, सगळं पुनमवर. ते उरकेपर्यंत माझा हॉर्न वाजतो, आणि ती ओरडते, ऊनू! मी थांबतो. आम्ही पोहोचतो, गेट बंद. असं होता होता तिची हजेरी काठावर आली. वर्गशिक्षकांनी सांगितलं, बाई, आता एकही चुकवू नकोस, नाही तर यंदा परीक्षा नाही. आणि परीक्षा नाही म्हणजे काय, ठाऊक आहे? तिच्या काकाने साक्रीला एक स्थळ हेरून ठेवलंय. दहावी बुडाली की तो म्हणणार, आता कशाला घरात बसवता? पोरीला जायचंय धुळ्याला, अकरावीला. बोला!

मग ठेवली सरांनी पालकसभा. म्हणाले, मी हुकूमशहा नाही, नियमावर चर्चा होऊ द्या, पोरंच बोलतील, पालक ऐकतील. वादविवाद! विषय, 'शाळेचे गेट वेळेवर बंद झालेच पाहिजे'. कोण कोणत्या बाजूने बोलणार याच्या चिठ्ठ्या टाकल्या. आणि नशीब बघा हो... गेटाच्या विरुद्ध बोलायची चिठ्ठी निघाली किरणला. किरण म्हणजे कोण? शाळेच्या भिंतीला लागून ज्याचं किराणा दुकान, त्याचा पोरगा! घंटा झाल्यावर अंथरुणातून उठला तरी प्रार्थनेला हजर! आणि गेटाच्या बाजूने बोलायची चिठ्ठी कोणाला? पुनमला!

किरणने केलं आपलं पाठ केलेलं, "आदरणीय व्यासपीठ, दूरच्या मुलांवर हा अन्याय आहे," सगळं एका सुरात, मध्येच विसरला, छताकडे बघितलं, बसला. मग उठली पुनम. मी मागे बसलेलो, म्हटलं आता ही काय बोलणार बिचारी. तुम्हाला सांगतो, ती बोलली! एकदम शुद्ध भाषेत. "गेट आम्हाला बाहेर ठेवत नाही. आम्हाला बाहेर ठेवते आमची सवय. आमच्याकडे माणूस यायच्या आधीच 'आलो' म्हणतो. आणि आमचे तोताराम नाना त्या शब्दावर गाडी उभी ठेवतात. नानांचं मन मोठं आहे, पण परीक्षेची वेळ नानांना ओळखत नाही. उद्या धुळ्याला गेल्यावर माझ्यासाठी कोण थांबणार आहे?" सगळी सभा वळून माझ्याकडे बघायला लागली. मी कुठे बघणार? मी छताकडे बघितलं, किरणने बघितलं होतं तिथेच.

टाळ्या, टाळ्या, पहिला नंबर! पालकांनी हात वर करून नियम पास केला. चौगुले सरांचे डोळे भरून आले. स्वतःच्या हाताने स्वतःवर गेट लावून घेऊन बक्षिसाचा पेन घेऊन पोरगी माझ्या गाडीत येऊन बसली. उतरताना म्हणते, "नाना, राग उना का? माले चिठ्ठीच तशी निंघनी." म्हटलं, नाही वं माय, राग कसला, बरोबरच बोलली तू. पण खरं सांगू? मला लागलं. रागाने नाही, लाजेने. म्हणजे मी ज्याला माया समजत होतो, त्यानेच पोरीचं वर्ष बुडत होतं की काय?

झालं, मी ठरवलं. सकाळी गाडी वेळेवर! कोणी ऊनू म्हणो, नाही तर लोटांगण घालो. जरीनाबींना रात्रीच निरोप दिला, तर त्या बाई धसक्याने उजाडायच्या आत येऊन बसल्या टोपली घेऊन. वेळ झाली, हॉर्न दिला, गिअर टाकला. आणि मागून सुरू झालं. या घरातून ऊनू, त्या घरातून ऊनू, हातपंपाकडून ऊनू, गोठ्यातून ऊनू... मी आरसा वाकडा करून टाकला, कारण आरशात दिसलं असतं ना, तर पाय आपोआप ब्रेकवर गेला असता. पुढच्या वस्तीवर तेच, त्याच्या पुढच्या वस्तीवर तेच. मनात म्हणतोय, ओरडा, पुनम तर मागे बसलेलीच असणार, ती एवढं भाषण करणारी, ती आज पहिली येऊन बसली असणार. जरीनाबी काहीतरी सांगत होत्या मागून, "भाई, सुनो तो, भाई," मी म्हटलं आज काहीच ऐकायचं नाही.

आणि पोहोचलो! घंटेच्या आधी! गेट उघडं! अभिमनने माझ्याकडे असं बघितलं, त्याला वाटलं गावात कोणी गेलं म्हणून गाडी आली. चौगुले सर हसत पुढे आले, माझा हात हातात घेतला, "वा तोतारामराव! पोरीनं करून दाखवलं म्हणायचं. कुटं हायत पोरं?" मी ऐटीत मागे गेलो, दार उघडलं.

आत जरीनाबी आणि बांगड्यांची टोपली.

बस. दुसरं कोणी नाही. जरीनाबी म्हणाल्या, "मैं वही तो बोल रही थी." पुनम नाही, कोणीच नाही! अहो, गाडी थांबणार म्हणून तर पोरं घरात होती, मी रोज थांबतो याच्यावरच अख्ख्या गावाचं घड्याळ लावलेलं! आणि ती ऊनू-ऊनू ओरडणाऱ्यांत एक आवाज पुनमचा होता, तो मी ऐकून सोडून आलो होतो. सर विचारताहेत, पोरं कुठायत, पोरं कुठायत. मी काय सांगू? जे खरं होतं ते सांगितलं.

"सर... ऊनू म्हणालेत."

सर रस्त्याकडे बघत राहिले. रिकामा रस्ता. मग गेटाकडे बघितलं. मग खिशात हात घातला, किल्ली काढली, परत खिशात टाकली, आणि माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसले. "वळवा गाडी." मी वळवली. तेवढ्यात पटांगणातून शाळेतल्या बाई ओरडल्या, सर, प्रार्थनेची घंटा झाली, पोरं उभी आहेत! आणि चौगुले सरांनी... कोल्हापूरच्या चौगुले सरांनी... खिडकीतून मुंडकं बाहेर काढलं आणि ओरडले, "ऊनू!"

पोरं अर्ध्या रस्त्यात भेटली. सगळी चालत निघालेली, धुळीत, दप्तरं डोक्यावर घेऊन, आणि सगळ्यांच्या पुढे पुनम, चपला हातात, भरभर. रडत नव्हती, संतापलेली होती. सरांनी विचारलं, तू तर एवढं बोललीस, मग उशीर का केलास? ती म्हणाली, "सर, शेळी व्याई राह्यनी व्हती. नाना रोज थांबतस. आज नही थांबनात." आणि लगेच विचारलं, "सर, आजनी हजेरी जाई का मनी?"

सरांनी पाणी काढून तिला दिलं. मग म्हणाले, घर सोडून पायी निघालेलं पोरगं शाळेत आलंच की. रस्त्यावर आहे म्हणजे हजर आहे. त्या दिवशी सगळ्यांना हजर मांडलं आणि नंतर नियमच बदलला, दूरच्या पोरांसाठी गेट गाडी पोहोचल्यावर बंद. पुनम बसली परीक्षेला. काका अजून तोंड फुगवून आहे. ती आता धुळ्याला असते, सुट्टीत येते, आणि मला विचारते, नाना, अजून थांबता का? मी म्हणतो, नाही वं, आता वेळेवर सुटतो. ती हसते. खोटं ओळखते पोरगी.

काय, परत घड्याळ? अहो, नियम बदलल्यावर चौगुले सरांनी एक मोठी चूक केली. म्हणाले, गावात राहिल्याशिवाय गाव कळत नाही, आणि आमच्याच गावात खोली घेतली. आता सहा महिन्यांत माणूस आमच्यातला झालाय. ती समोरची निळ्या दाराची खोली दिसते? मघापासून ऐकताय ना तिथून, ऊनू, ऊनू? अंगाला साबण आहे त्यांच्या. आता तुम्हीच सांगा, हलवू गाडी? हलवतो, माझं काही जात नाही. पण तिकडे जाऊन पोरांना बाहेरच उभं राहावं लागेल. गेटाची किल्ली त्यांच्या खिशात आहे.