आप्पांसाठी पेरू

मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे न विचारता माहिती द्यायची खोड मला आहेच. गेल्या थंडीत आमच्या सासऱ्यांचे, आप्पांचे, उरलेसुरले सगळे दात काढले. भेटायला येणारा जो तो मोसंबी आणत होता. मी घरच्या ग्रुपवर टाकलं, "हिरड्या भरून यायला व्हिटॅमिन सी लागतं आणि ते मोसंबीपेक्षा पेरूत कितीतरी जास्त असतं."

दुसऱ्या दिवशी गावातल्याच द्वारका चौकातून नणंद पिशवीभर पेरू घेऊन आली. पिंपळगावहून आप्पांचे मेहुणे तर अख्खी पाटीच घेऊन आले. म्हणाले, "खा दाजी, एकदम कडक आहेत."

आप्पांनी एक पेरू उचलला, निरखून पाहिला आणि बोळक्या तोंडाने मला विचारलं, "सूनबाई, दात कोण आणतंय?"