रविवारी पुसलेला फळा

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आपल्या उमरबोडी नगरपंचायतीचेही अध्यक्ष, माननीय गुलाबभाऊ. मंचावर विराजमान आपले जुने हेडमास्तर देवाजी गुरुजी. बचत गटाच्या ललिताबाई. माझ्या नातीच्या सत्काराचा हा कार्यक्रम ठेवणारी वाचनालयाची पोरं-पोरी. समोर सतरंजीवर बसलेल्या माझ्या आयाबाया. आणि मागे भिंतीला टेकलेले, नाश्ता झाल्याशिवाय न हलणारे सर्व सज्जन, तुम्हा सगळ्यांना मालनबाईचा जय भीम आणि नमस्कार.

हे ‘विराजमान’ शुभांगीनं लिहून दिलं, वाचनालयाच्या पोरीनं. माझी शाळा दुसरीपर्यंत. रीनानं मला घरूनच बजावलं, “आजी, माइकवर नीट बोलजो, अन् लांबवू नको.” नीट बोलते. लांबण्याचं माझ्या हाती नाही.

मी आज फार खुश आहे. का नसावं? माझी नात तलाठी झाली. त्या पदाचं आता काहीतरी लांब नवीन नाव निघालं आहे, पण माझ्यापुरती ती तलाठीच. ऑर्डरचा कागद मी तीन दिवस उशीखाली ठेवला, तो चुरगळला, तर पोरगी रागावली. मग मी शेजारच्या मोनूला पाठवून त्याचं लॅमिनेशन करून आणलं, तर आणखी रागावली. गडचिरोलीकडे नेमणूक आहे. उद्या सकाळच्या एसटीनं लाखांदूरला आणि तिथून पुढे. सोबत मोठा कुकर न्यायचा की लहान, यावर आमच्या घरी अजून भांडण सुरू आहे. एकटीला मोठा कायला, म्हणते. पाहुणे येतील ना, म्हटलं. तिथं कोण येईल, म्हणते. मी येईन.

असो. कुकरसाठी तुम्ही जमला नाहीत. तुम्ही फळ्यासाठी जमला आहात.

बाहेरचा माणूस विचारेल, चौकातल्या एका काळ्या फळ्याचं एवढं काय? आपला वार्ताफलक माझ्या मालकांनी उभा केला, चाळीस वर्षं होत आली. तेजराम त्यांचं नाव. आधी घ्यायला लाजायची, आता माणूसच नाही तर घेते. ते लिहायचे तेव्हा मी भाजी घेऊन येता येता पाहायची, आणि दुसरीत राहिलेली माझी अक्षरं मी त्या फळ्यावर पुरी केली. ‘नळ’ मी तिथं शिकले. ‘येणार नाही’ तर त्याच्या आधी शिकले, कारण ते रोज असायचं.

मालकांचा हात थरथरायला लागला तेव्हा रीना दहावीत होती. तेव्हापासून नऊ वर्षं तिनं लिहिलं. रोज संध्याकाळी साडेपाचला नगरपंचायतीत जायची, तिथले कागद वाचायची आणि ते माणसाच्या भाषेत उतरवायची. कागदावर असायचं, ‘तांत्रिक कारणास्तव पाणीपुरवठा खंडित’. फळ्यावर यायचं, ‘मोटर जळली, चार दिवस बोअरचं पाणी भरा.’ घरकुलाची यादी कधी लागली, पोलिओचा डोस कुठं आहे, कोणाची शेळी सापडली आणि खूण सांगून घेऊन जावी. या गावात कोणी नोटीस वाचत नाही. फळ्यावर आलं तर खरं, नाही आलं तर झालंच नाही. वाचनालयाचा मनिष म्हणतो, आता मोबाइलवर ग्रुप आहे. बाबा, त्या ग्रुपवर सकाळी फुलं येतात आणि संध्याकाळी भांडणं.

त्या फळ्याचा एक रिवाज होता, तोही मालकांनीच पाडलेला. पहिल्याच वर्षी त्यांनी वर लिहिलं, ‘बाबूलालची म्हैस हरवली’, आणि खाली लिहिलं, ‘बाबूलालची आई वारली.’ बाबूलाल दारात येऊन उभा झाला. “काहो तेजरामभाऊ, माह्या मायचा नंबर म्हशीच्या मागं का?” मालकांना इतकं लागलं की त्या दिवसापासून ठरलं, ज्या दिवशी गावात मयत, त्या दिवशी फळा पूर्ण पुसायचा आणि त्या एका माणसाचंच नाव लिहायचं. दुसरी एक ओळ नाही. मग तो माणूस कोणत्याही मोहल्ल्यातला असो. चौकात आलेला माणूस ते नाव वाचून चप्पल काढायचा. अजून काढतो.

आता मी जे सांगणार आहे ते शुभांगीनं लिहून दिलेलं नाही. गुलाबभाऊ, घड्याळ पाहू नका, आज तुमच्यावर काही नाही.

आपली बोडी, जिच्या तळ्याएवढ्या पाण्यावर खालचं धान पिकायचं, ती बुजवून तिथं दुकानांचे गाळे बांधायचे ठरले, तेव्हा हरकती मागवल्या होत्या. नियमानं मागवल्या. नोटीसही लागली होती, आतल्या खोलीत, कपाटाच्या बाजूला. रीनाला ती शेवटच्या शुक्रवारी दिसली. शनिवार-रविवार ऑफिस बंद. सोमवारी संध्याकाळी पाच वाजता मुदत संपणार. मधले दोन दिवस मालकांच्या दुखण्यात गेले. रविवारी सकाळी उठून तिनं मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘बोडी वाचवायची असेल तर उद्या पाचच्या आत लेखी हरकत द्या.’ खाली दोन रेघा मारल्या.

त्याच रविवारी दुपारी दोन वाजता माझे मालक गेले.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, असं तुम्हाला वाटतं. फळ्यावर तेजरामचं नाव आलं, बोडीचं पुसलं गेलं, हरकत एकही गेली नाही, आणि ‘हरकत प्राप्त नाही’ म्हणून ठराव मंजूर झाला. मे महिन्यात मुरूम पडला. गाळे बारा झाले, त्यातले दोन उघडे आहेत. बोडीखालचं धान दिवाळीच्या तोंडावर एका पाण्यावाचून पोचट राहिलं. सुशीलाबाई समोर बसली आहे, तिचं दीड एकर गेलं. यंदा ती दुसऱ्याच्या बांधीत धानाच्या रोवण्याला मजुरीनं जाते.

आणि दीड वर्ष हे गाव माझ्या नातीला बोलतं आहे. पीठगिरणीवर भर बायांत सुशीलाबाईनं विचारलं, “काहून व रीना, बोडीचं लिहाले खडू नोता का? का आता अध्यक्षाच्या घरून खडू येऊन राहिला?” सुशीले, मान खाली घालू नको. तुझं पीक गेलं, तू बोलणार. रीना एवढंच म्हणाली, “चुकलं मावशी.” आता नोकरी लागली तर लोक म्हणतात, गुलाबभाऊंचा वशिला. पोरगी परीक्षेला तीनदा बसली. इथं टाळ्या वाजवल्या त्यातल्याही किती जणांच्या मनात ते आहे, मला दिसतं.

रीना, तू उठू नको. बस.

त्या दिवशी खडू घेऊन ती माझ्यासमोर उभी झाली होती. म्हणाली, “आजी, वर आबाजीचं लिहून राहिली. खाली त्या दोन ओळी राहू दे. उद्याच शेवटचा दिवस आहे.” मी म्हटलं, “चाळीस वरसं त्यायनं दुसऱ्याच्या मयताले फळा पुसला. अन् त्यायच्या नावाखाली बोडीचा कागद? पूस.” तिनं पुसला.

तेवढंच नाही. लेक सुरतेहून यायची होती म्हणून माती सोमवारी दुपारी झाली. परत आल्यावर मांडवात सत्तर तरी माणसं बसून होती. पावणेचार वाजले होते. रीनानं वहीच्या कागदावर हरकत लिहून आणली. “आजी, सगळे इथंच आहेत. सह्या घेते, दहा मिनिटाचं काम आहे.” मी म्हटलं, “माती देऊन आलेल्या माणसायले सही मागतं? लाज नाही वाटत?” तो कागद मी तिच्या हातातून घेतला आणि कमरेला खोचला. ती एकटी जायला निघाली तर तिचा हात धरून बाजूला बसवलं. पाच वाजेपर्यंत धरून होते. लोकांना वाटलं, म्हातारी दुःखानं नातीला सोडत नाही.

मग दीड वर्ष मी का बोलले नाही? बोलले तर मालकांच्या रिवाजाला गाव नावं ठेवील, असं मनाशी म्हणायची. ते अर्धं खरं. बाया मला भाजी आणून देत, हात धरून बसत, सुशीलाबाईसुद्धा. तेच हात बाहेर जाऊन माझ्या नातीकडे बोट दाखवत, हे मला ठाऊक होतं. तरी मी भाजी घेत राहिले. आणि ही पोरगी घरात मला एका शब्दानं बोलली नाही.

आता हे सांगून काय होणार? काही होत नाही. देवाजी गुरुजींना मी विचारून पाहिलं. ते म्हणाले, “मालनबाई, मुदत गेली ते गेलं.” मुरूम काही उचलला जात नाही. रीनाच्या मागं फळा कोण लिहील, हे मी सात घरी जाऊन विचारलं, कोणी तयार नाही. गुलाबभाऊंनी आता जाहीर केलं की तिथं लाइटचा बोर्ड लावू. लावा. पहिल्या दिवशी त्यावर कोणाच्या वाढदिवसाचा फोटो येईल ते मी आजच सांगू शकते. पुढची नोटीस कपाटाबाजूला लागेल आणि तिथंच पिवळी पडेल.

रीना, माय, तू जाय. सुट्टीत नाही आली तरी चालते. तिकडं कोणाचा कागद असला तर वाचून दाखवत जाय, अन् घरात कोणी मेलं असलं तरी दाखव.

अध्यक्षांनी शाल दिली, वाचनालयानं मला बोलायला दिलं, तुम्ही ऐकून घेतलं, सगळ्यांचे उपकार आहेत. बोलताना कोणाचं नाव राहिलं असेल, मान-अपमान झाला असेल, तर म्हातारी म्हणून ते पोटात घाला. बोडीचं पोटात घालू नका. ते रीनाच्या नावावरून काढा आणि माझ्या नावावर लिहा.