पेटीतली जोडी आणि मोहिनीच्या हातचं लेबल

आजच्या या निरोप समारंभाच्या अध्यक्षा, आमच्या महाविद्यालयाच्या प्राचार्या. संस्थेचे चिटणीस माननीय अमृतभाऊ. उद्या सकाळपासून प्राणिशास्त्र विभागाच्या प्रमुख होणाऱ्या प्रा. दिपमाला शिसोदे, जळगाव, जामनेर, धरणगावहून रजा टाकून आलेले माझे जुने विद्यार्थी, आणि मागच्या दाराजवळ बसलेले, ज्यांच्यापर्यंत जेवणातल्या वरण-बट्टीचा वास आधीच पोहोचला आहे असे सर्व सहकारी,

तुम्हा सगळ्यांना नवल भदाणेचा नमस्कार.

चौतीस वर्षं मी तास घंटेच्या ठोक्याला संपवला. आज घंटा नाही, त्यामुळे लांबलं तर अमृतभाऊंनी घड्याळाकडे बघावं, मी समजून घेईन.

आत्ता सगळ्यांनी माझं भरभरून कौतुक केलं. आजवर फक्त देशाबाहेर माहीत असलेली नाकतोड्याची एक जात आपल्या देशात पहिल्यांदा नोंदवणारा माणूस म्हणून शाल दिलीत, नारळ दिलात. शाल मी घेतली. घेताना मान खाली होती, ती तुम्हाला नम्रता वाटली असेल. तशी ती नव्हती. ती नोंद अजून झालेलीच नाही आणि तिला अडवून बसलेला माणूस मीच आहे.

कसं ते सांगतो.

गोष्ट एकोणीस वर्षांपूर्वीची. दसऱ्यानंतरचा रविवार. माझ्या पत्नीचं, मोहिनीचं, माहेर साक्रीच्या पलीकडचं, डोंगराच्या पायथ्याचं. माहेरी जायचं निघालं की मी जाळी आणि बाटल्या सोबत घ्यायचो आणि ती म्हणायची, सासरवाडीला येता की शिकारीला? त्या दिवशी टेकडीवर कुसळीचं गवत कमरेएवढं वाढलं होतं. मी जाळी घेऊन वरच्या अंगाला, ती खाली डबा सोडून बसलेली. कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा. एकदम हाक आली. जाऊन बघतो तर डब्याचं झाकण जमिनीवर पालथं आणि त्यावर तिचा हात. खाली दोन नाकतोडे. बोटाच्या पेरापेक्षा लहान, मातकट, पंख म्हणाल तर नुसते खवल्यांसारखे.

आता इथे इतर विभागांची मंडळी आहेत म्हणून सांगतो. नाकतोड्याच्या पिल्लाला पुरे पंख नसतात. कात टाकत टाकत ते मोठं होतं, शेवटी पंख येतात. पण काही जाती अशा असतात, की त्यांचे पंख आयुष्यभर तेवढेच राहतात. हे मी दरवर्षी दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला शिकवत होतो. आणि त्या दिवशी बघून न बघितल्यासारखं करून म्हणालो, पिल्लं आहेत, सोडून दे.

ती तिच्या अहिराणीत म्हणाली, "हाई पिल्लू नही शे. तिना पाठवर तिना दादला बठेल व्हता, मी सोता दखं!"

पाठीवर नवरा बसला होता म्हणे! मी हसलो. प्राध्यापक होतो ना! म्हणालो, भिंग तुझ्याकडे आहे की माझ्याकडे? ती म्हणाली, भिंग तुमच्याकडे आहे, पण नजर इकडेतिकडे आहे. सोडू दिले नाहीत तिने ते. घरी आणले, आणि तिच्या हट्टामुळे दोघांना एकाच सुईवर टोचलं. लेबलही तिनेच लिहिलं, बोटाच्या नखाएवढ्या कार्डावर, मराठीत. मी ती पेटी 'पिल्लं' असं लिहिलेल्या कप्प्यात ठेवली आणि विसरलो.

चार वर्षांपूर्वी, एप्रिल महिन्यात, करोनाच्या लाटेत मोहिनी गेली. तेरा दिवसांत गेली. ते दिवस कसे होते हे इथे कोणाला सांगायला नको.

गेल्या दिवाळीच्या आधी दिपमाला मॅडम कपाटं तपासत होत्या. त्यांनी ती पेटी उघडली, लेबल वाचलं, आणि माझ्यासारखं न हसता तो किडा भिंगाखाली धरला. मग मला हाक मारली. मी डोळा लावला. वाढ पूर्ण झालेली मादी. वरती वाढ पूर्ण झालेला नर. दोन महिने ग्रंथ धुंडाळले, परदेशातल्या तज्ज्ञांना फोटो पाठवले. उत्तर आलं: ही जात तुमच्या देशातून आजवर कोणी नोंदवलेली नाही.

तुम्हाला सांगतो, मला आनंद झाला नाही. पहिला विचार आला तो घरी जाऊन सांगण्याचा. स्कूटरला किल्ली लावली, आणि मग आठवलं की घरी कोणी नाही. तिथेच, स्टँडवरच्या स्कूटरवर बसून राहिलो.

निबंध दिपमाला मॅडमनी आणि मी मिळून लिहिला. नियतकालिकाने तो स्वीकारलाही. अट एकच: ती जोडी कलकत्त्याच्या राष्ट्रीय संग्रहात जमा करा, तिथला नोंदणी क्रमांक कळवा, मग छापू. म्हटलं, त्यांना दुसरी जोडी पाठवू. टेकडीवर चार वेळा जाऊन आलो. अर्धी टेकडी नांगरली गेली आहे. उरलेल्या भागात गवत आहे, कुसळं अजून तशीच पायजम्याला धरतात, पण ते नाकतोडे नाहीत. खरं बोलू? नाकतोडे शोधतोय असं मी सांगायचो. ती बसली होती तो दगड सापडला की मी तिथे डबा उघडून बसायचो, आणि संध्याकाळ होईपर्यंत उठवत नसे.

म्हणजे आहे ती एकच जोडी. आणि आमच्या कामात नियम आहे, की किड्याचं मूळ लेबल किड्यासोबतच जातं. लोटन, तुम्ही समोरच बसला आहात. आज कृषी अधिकारी आहात. लेबलं हरवली म्हणून तुमची दोन महिन्यांची अख्खी पेटी मी कचऱ्यात टाकायला लावली होती. तुम्ही रडला होता, मला आठवतंय.

त्याच नवल भदाणेने मार्च महिन्यात काय केलं? नवं लेबल लिहिलं. मजकूर तोच, अक्षर माझं. सुईवरून तिचं काढून माझं लावलं, आणि तिचं पाकिटात ठेवलं. कारण तिचं अक्षर दुसरीकडे कुठे राहिलेलंच नाही हो. मसाल्याच्या बरण्यांवर चिठ्ठ्या होत्या, त्या मी मूर्खासारखं बरण्यांबरोबर घासून टाकल्या. मुलगा ललित म्हणतो, बाबा, फोटो काढून ठेवा. काढला. पण फोटोवर बोट फिरवलं तर शाईचा उंचवटा लागत नाही.

खोटं लेबल लावून पेटी पाठवायला हात धजेना, आणि खरं लावून पाठवायला मन होईना. सात महिने गेले. दिपमाला मॅडमना कळलं होतं, मला खात्री आहे. त्यांनी एकदाही विचारलं नाही, फक्त रोज पेटीतल्या डांबरगोळ्या बघून जायच्या.

मॅडम, ती पेटी इकडे आणता? आणि चिमटा.

थांबा, चष्मा बदलतो.

हे माझं लेबल काढलं. हे तिचं. सुईचं जुनं भोक अजून आहे, त्यातूनच जाईल. बसलं.

पुढच्या बाजूला लिहिलंय: 'साक्रीची टेकडी, कुसळीचं गवत, ८ ऑक्टोबर २००६. पकडणारी मोहिनी.' मागे काही आहे हे मला एकोणीस वर्षं माहीत नव्हतं. मार्चमध्ये काढलं तेव्हा दिसलं. मागे तीन शब्द आहेत: 'पिल्लू नही शे.'

मॅडम, घ्या. उद्याच्या टपालाने जाऊ द्या. तिकडे कोणी विचारलं की मागे हे काय आणि कुठल्या भाषेत लिहिलंय, तर सांगा, देशातली पहिली नोंद तीच आहे, खानदेशातली आहे आणि बरोबर आहे. भदाणे सरांचा निबंध त्यानंतरचा.

सहकाऱ्यांनो, तुम्ही मला सांभाळलंत, फार उपकार आहेत. लोटन, त्या पेटीबद्दल मला माफ करा. बोलताना कोणाला दुखावलं असेल, कोणाचं नाव राहिलं असेल, तर म्हातारपणाची सुरुवात समजून पोटात घाला. आणखी एक माफी मागायची होती, ती मागायला खूप उशीर झाला आहे. ही शाल मी घरी नेतो आणि तिच्या फोटोला घालतो. तुमची हरकत नसावी.

चला, बट्ट्या गार होतील. नमस्कार.