चंद्राच्या तांदळाचं रिंगण

ऐका. कंदील थोडा कमी करा, आणि ज्याला भीती वाटते त्याने मधे सरकून बसावं.

भेंडवाडीच्या पलीकडे जो माळ आहे, तिथे पूर्वी रंगाचा कारखाना होता. तो बंद पडला. यंत्रं गेली, पत्रे गेले, माती तेवढी राहिली. त्या मातीच्या पोटात काय दडवलंय हे पुरणाऱ्या कामगारांना ठाऊक होतं, आणि ते सगळे एकेक करून खोकत गेले. चंद्रभागा शिगवणचा नवरा धाकू त्यांतलाच. जाताना बायकोला एवढंच म्हणाला, की विषाची पिंपं तिथेच आहेत. नेमकी कुठे, ते सांगायला श्वास उरला नाही.

पुढे कंपनीने वर लाल मातीचा थर पसरला, रोपं लावली, आणि जमीन स्वच्छ झाली असं सांगून ती अंगणवाडीसाठी गावाला देऊ केली. गाव खूश. भूमिपूजनाचा दिवस ठरला. चंद्राची नात त्याच अंगणवाडीत जाणार होती. चंद्रा ज्याला त्याला सांगत सुटली, की आधी खणून बघा. माळ केवढा, खणायचं कुठे, असं सरपंचांनी विचारलं की तिला जागा दाखवता यायची नाही.

आणि माळावर चकवा आहे, हे सगळ्यांना माहीत. अंधारात गेलेला माणूस उजाडेपर्यंत गोल गोल फिरतो, वाट काही सापडत नाही. म्हणून तिकडे कुणी फिरकत नसे, आणि कंपनीला ते बरंच होतं.

पूजनाच्या आदल्या संध्याकाळी चंद्रा चुलीपुढे बसली होती. तिच्या मनात आलं, चकवा माणसाला फिरवतो खरा, पण कशाभोवती?

उठली. ओच्यात तांदूळ बांधले, काठी घेतली, निघाली. एकटी. ऐकताय ना?

कुंपण ओलांडलं तोच मोगऱ्याचा वास आला. मोगरा कुठला, तिथे गवतसुद्धा धड उगवत नव्हतं. चंद्रा चालत राहिली. मग पायाखालची वाट वळली. सरळ जावं तर पुन्हा तेच रोप, तोच दगड. आता चकवा लागला की काय करायचं, ते आपल्यात लहान पोरही सांगेल. डाव्या पायातली चप्पल उजव्या पायात घालायची, उजव्यातली डाव्यात. वाट मोकळी होते. चंद्रालाही ते ठाऊक होतं. तिने चपलेला हात लावला नाही. ओचा सोडला आणि चालता चालता मागे तांदूळ सांडत गेली.

चकव्याला हे कसं खपावं? मागून खोकला ऐकू आला. ओळखीचा. धाकूचा.

"चंद्रे, फीर मागे. पुरलंय त्याला हात लावू नको."

वळून बघते तर धाकूच उभा, खांद्यावर फावडं. चंद्रा काठी टेकून थांबली. का नाही थांबणार, घरचा माणूस तो. पण ती म्हणाली, "तुम्ही पुरलंत तेव्हा मला इचारलंत? आता गपचूप दाखवा."

तो मागे सरकला. ती पुढे. तो रिंगणाच्या मधे गेला, तीही गेली, आणि लाल माती फसकन खचली. पाय गुडघ्यापर्यंत आत. आत थंड, बुळबुळीत, आणि मग आग आग. खालून कुणी ओढावं तसा पाय ओढला जाऊ लागला. चंद्राने काठी आडवी टाकली, तिच्यावर छाती रेटली आणि पाय उपसून काढला. चप्पल आतच राहिली, आणि धाकू कुठेच नव्हता.

आता एका चपलेची अदलाबदल करणार कशी? चकवा हसला म्हणतात. चंद्राने पाण्याच्या आशेने इकडेतिकडे पाहिलं, पदराने पाय पुसला आणि तिथेच कडेला फतकल मारली. "बसले मी," ती म्हणाली. "बघू कोण आधी कंटाळतं."

उजाडलं. गाव वाजतगाजत आलं. कंपनीचा साहेब हार घालून पुढे. समोर तांदळाचं पांढरं रिंगण, मधे खचलेला खड्डा, आणि काठावर पाय सुजलेली चंद्रा. माळाच्या कडेला पाखरं ओरडत होती, पण त्या दाण्यांवर एकही उतरलं नव्हतं.

आपली रीत तुम्हाला माहीत आहे. जमीन देणाऱ्याने पहिली कुदळ मारायची. सरपंचांनी साहेबापुढे कुदळ धरली, मांडवाकडे बोट दाखवलं. चंद्रा उठली, लंगडत मधे आली.

"तिथं नको. हितं मारा. जमीन साफ हाय ना तुमची?"

साहेबाने हात पुढे केला नाही. पूजा इथे ठरलेली नाही, मुहूर्त टळेल, असं काहीबाही बोलत राहिला. सगळा गाव त्याच्या हातांकडे बघत होता. हात खिशातच. मग सरपंचांनी कुदळ जमिनीवर ठेवली आणि सांगितलं, की देणारा मारत नाही ती जमीन आम्हाला नको, आणि आहे तशी तुम्हालाही ठेवू देणार नाही.

मांडव उतरला, पण गाव हललं नाही. पाळीपाळीने फाटकावर बसलं. अखेर अंगभर पोशाख आणि तोंडाला नळ्या लावलेली माणसं आली, रिंगणातून गंजलेली पिंपं निघाली, निळी माती ट्रकांत भरून जाऊ लागली. ती अजून जातेच आहे. चंद्राच्या पायावरचा काळा डाग गेलेला नाही. नात दुसऱ्या अंगणवाडीत जाते, देवळामागच्या.

तेव्हा पोरांनो, त्या माळाच्या वाटेला जाऊ नका. शेवटचा ट्रक जाईपर्यंत कुणीच पोर जायचं नाही. मोठ्यांनी मात्र जायचं, रोज, फाटकापर्यंत. उद्या पाळी आपल्या घराची आहे. झोपा आता.